नजर खाली

सहाला बराकी बंद झाल्या की सोमवारपर्यंत कोणीही सुटत नाही, आणि बारकू गावितच्या जामिनाचा कागद माझ्या हातात पडला शनिवारी साडेपाचला. फाटकाबाहेर त्याची बायको मंगलाबाई सकाळीच सुरगाण्याहून येऊन बसलेली. दोन रात्री काढायला नाशकात तिचं कोणी नव्हतं.

आमच्या तुरुंगात बारकू गावित दोन, आणि दोघांच्या बापाचं नाव सोमा. चुकीचा सोडला तर माझी हवालदारकी गेलीच म्हणून समजा. समोर आणून उभा केलेल्या याचा अंगठा खडी फोडून गुळगुळीत झालेला, ठसा उठेना. राहिलं ते बुबुळावरून ओळख पटवणारं डोळ्यांचं यंत्र.

"वर बघ. या भिंगात."

त्याने मान आणखी खाली घातली.

"अरे, ऐकू येत नाही का? वर!"

मी जितका ओरडलो तितकी त्याची हनुवटी छातीत रुतत गेली. पाच वेळा लाल दिवा लागला. माझं डोकंच फिरलं. "सुटायचंय का नाही तुला?"

"सुटायचंय ना, सायेब," तो फरशीकडे बघतच म्हणाला. "पन तुमीच सांगलं ना पयल्या दिशी. सायबापुढं नजर खाली."

सांगितलं होतं खरं. सगळ्यांनाच सांगतो, आणि कसं सांगतो ते इथे लिहीत नाही. दोन वर्षांत ते त्याच्या मानेत इतकं मुरलं होतं की आता माझ्या हुकमानेही निघेना. मला लाज वाटली. पावणेसहा झाले होते.

मी यंत्र उचललं आणि सरळ त्याच्या पायाशी बसलो. गणवेशाची इस्त्री गेली खड्ड्यात. भिंग वर करून धरलं. "हं, आता खालीच बघ."

हिरवा दिवा! पडद्यावर त्याचाच फोटो, त्याचाच नंबर.

"तूच रे बाबा, तूच!" इतकं हायसं मला बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

उठायला गेलो तर गुडघा धरला. बारकूने हात पुढे केला आणि घाबरून लगेच मागे घेतला.

"दे, दे," मी म्हणालो. त्याने मला ओढून उभं केलं. हात सोडायचं दोघांनाही सुचलं नाही, तसेच फाटकापर्यंत गेलो. मंगलाबाईने त्याचा हात माझ्या हातात पाहिला आणि ती रडायलाच लागली. तिला वाटलं, मी त्याला परत आत नेणार.

"अहो बाई, नाही," मी घाईघाईने हात सोडला. "न्या याला घरी."