चार बुचं आणि आत्याची बोट

आत्याची अट एकच होती. बोट चालू असताना बोटीतल्या माणसांना ओरडून बोलावं लागता कामा नये.

अट काही अवाजवी नव्हती. तीस वर्षं तिनं तळ्याच्या या काठावरची माणसं त्या काठावर वल्ह्यांनी नेली होती. पलीकडे पोचायला वीस मिनिटं लागत आणि तेवढ्यात बोटीत एखादी सोयरीक जुळे, एखादं भांडण मिटे, आणि कोणाच्या सुनेनं कोणाला काय सुनावलं ते सगळ्या गावाच्या आधी आत्याला कळे. मग खांद्यानं दगा दिला. डॉक्टरांनी वल्हं हातात घेऊ नको म्हणून बजावलं. बाजारातलं तयार इंजिन तिनं एकदा दुसऱ्याच्या बोटीत बसून ऐकलं आणि कानांवर हात ठेवूनच खाली उतरली.

"त्यापेक्षा बोट विकते," ती म्हणाली.

गिऱ्हाईकही दारात उभंच होतं. काठावरच्या हॉटेलवाल्याला ती बोट हवी होती, पण पाण्यावर चालवायला नाही. तिच्यात माती भरून हॉटेलसमोर फुलझाडं लावायचा त्याचा विचार होता. हे ऐकून आत्या दोन दिवस धड जेवली नाही.

तेव्हा भाची धावून आली. तिला सगळे तुफान म्हणत, कारण पंधरा वर्षं तिनं शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधली होती. "आत्या, मी बांधते तुला इंजिन. इतकं संथ, की तुला शेजारणीची कुजबुजसुद्धा ऐकू येईल."

आणि बांधलंही तिनं. दोन सिलिंडरचं, भलंमोठं जड चाक लावलेलं, पूर्ण जोर लावला तरी मिनिटाला आठशेच फेरे घेणारं. तुफानची जुनी इंजिनं आठ हजारांशिवाय डोळेच उघडत नसत. हे नवं मात्र पहिल्या दिवशी असं मंद गुणगुणलं, की आत्यानं त्याच्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी ते टकटक करू लागलं.

इंजिनात कॅमशाफ्ट, थोडक्यात कॅम, म्हणून एक दांडा असतो. त्याच्यावरचे उंचवटे टॅपेट नावाच्या खुंट्यांना वर ढकलतात आणि त्यांच्या जोरावर व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटा आणि टॅपेट जन्मभर एकमेकांवर घासत असतात. मध्ये तेलाचा पापुद्रा असतो म्हणून निभावतं. इथे ते निभावलं नव्हतं. उंचवटे साबणाच्या वडीसारखे झिजले होते.

तुफाननं लोखंडाला दोष दिला. म्हणजे गावातल्या लेथवाल्या काकांनाच दिला, कारण कॅम त्यांनी घडवला होता. काका अबोल माणूस. त्यांनी दुसरा घडवून दिला. तोही चार दिवसांत, गुरुवारी सकाळी, टकटकला. यावेळी तिनं तेलाला शिव्या घातल्या, आणि जाता जाता पुन्हा काकांनाही एक टोमणा हाणला. काकांनी तिसरा कॅम तिच्या टेबलावर आणून ठेवला.

"हा शेवटचा. असलं ओतीव लोखंड आता माझ्याकडे नाही," एवढंच बोलून ते गेले.

आणि इंजिन चाललं नाही तर हॉटेलवाला रविवारी संध्याकाळी बोट न्यायला येणार होता.

गुरुवारी दुपारी तुफान उघड्या इंजिनासमोर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेवटचा कॅम तेलकट कागदात गुंडाळून बाजूला ठेवला होता. तो बसवायची तिची छाती होईना. आत्या चहा घेऊन आली. खांदा दुखत असला तरी नखांना लाल रंग लावायचं ती काही सोडत नसे. ती स्टुलावर बसून इंजिनात डोकावू लागली.

"या कॅमला तेल येतं कुठून?" तिनं विचारलं.

"खाली क्रँक, म्हणजे मुख्य दांडा फिरतो, तो तेल उडवतो."

"तुझ्या आठशे फेऱ्यांत कितीसं उडणार? दोन वल्ही हळू मारली तर माझी साडीसुद्धा भिजत नाही."

तुफान जरा वरमली. "कमी उडतं खरं."

"आणि पंप जे तेल वर चढवतो, ते परत कुठं जातं?"

इथे तुफानचा चेहरा उजळला, कारण हे काम तिनं फार निगुतीनं केलं होतं. "आधी ते कॅमच्या डोक्यावरच्या चार भोकांतून खाली पडायचं. मी चारही भोकांना बुचं मारली आणि बाजूनं नळी काढून तेल थेट तळाशी सोडलं. बघ किती सफाईदार झालंय."

"बुचं का मारलीस?"

"अगं, वरचं तेल क्रँकवर पडलं की क्रँक जड होतो. वेग कमी होतो ना!"

आत्यानं चहाचा घोट घेतला. "मग होऊ दे की कमी. इथं कोणाला घाई आहे?"

तुफाननं कपाळावर हात मारून घेतला. हाताला ग्रीस होतं, ते कपाळभर झालं. पंधरा वर्षं ती वेगासाठी तेल हाकलत आली होती आणि या म्हाताऱ्या चालीच्या इंजिनातूनही तिनं ते त्याच सवयीनं हाकललं होतं. क्रँक पुरेसं तेल उडवत नव्हता आणि वरून गळणारं तिनंच बंद करून टाकलं होतं. जित्याची खोड म्हणतात ती हीच. बिचारा कॅम कोरड्या घशानं किती दिवस राबणार?

"आत्या, लोखंड चांगलं होतं गं," ती म्हणाली, आणि तिला एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मग आत्याही हसायला लागली, आपण नक्की काय केलंय ते धड न कळताच.

त्याच पावली तुफान लेथवाल्या काकांकडे गेली. "काका, चूक माझी होती. लोखंडाची नव्हती, तुमची तर नव्हतीच."

काकांनी लेथ बंद केला. "दोन्ही वेळेला?"

"दोन्ही वेळेला."

"हं," काका म्हणाले आणि आठवड्यात पहिल्यांदा हसले. "पत्रा कापायचाय का काही?"

कापायचाच होता. चारही बुचं काढून बाजूची नळी तर तिनं बंद केलीच, शिवाय कॅमच्या खाली पत्र्याची एक अरुंद पन्हळ बसवायची ठरवली. वरून गळणारं तेल तिच्यात साठेल आणि प्रत्येक उंचवटा फेऱ्यागणिक त्यात बुडून वर येईल. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा काकांनी असा वाकवला, की कडेला बोट लावलं तरी कापणार नाही. शुक्रवारभर तिनं इंजिन धुऊन झिजलेल्या लोखंडाचा कणन् कण काढला. शनिवारी शेवटचा कॅम आणि नवे टॅपेट दाट वंगण चोपडून बसवले.

"तुझी ती लाल बाटली दे," ती आत्याला म्हणाली आणि टॅपेटवर टेकलेल्या चारही दांड्यांना तिनं नखांच्या रंगाचा एकेक ठिपका लावला. टॅपेट नुसता वरखाली होऊन भागत नाही, तो जागच्या जागी हळूहळू फिरलाही पाहिजे. फिरला तर झीज एकाच जागी होत नाही.

रविवारी सकाळी बोटीत अकरा माणसं बसली. काका बाराव्या जागेवर, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे. इंजिन गुणगुणू लागलं. तुफाननं बाजूचं झाकण उघडून आत पाहिलं. एक लाल ठिपका सावकाश पलीकडे गेला आणि पुन्हा अलीकडे आला. मग दुसरा, तिसरा. चौथा जरा आळशी निघाला, पण फिरला.

"फिरताहेत!" ती ओरडली. साऱ्या बोटीत ओरडणारी ती एकटीच. बाकीचे खालच्या आवाजात गप्पा मारत होते आणि तिच्याकडे वळून बघत होते.

पलीकडचा काठ आला, पण कोणी उतरेना. एका बाईची गोष्ट ऐन रंगात आली होती. आत्यानं सुकाणू वळवून बोट पुन्हा तळ्यात घातली. असं त्या दिवशी तीनदा झालं.

संध्याकाळी हॉटेलवाला आला तेव्हा तुफान पातळ पोलादी पत्ती घेऊन व्हॉल्व्हच्या फटी मोजत होती. कॅम झिजला असता तर फट वाढली असती. आत्या तिच्या शेजारी वाकून बघत होती. पहिली फट सकाळइतकीच. दुसरी, तिसरीही तशीच. चौथीपाशी तुफाननं पत्ती काकांच्या हातात दिली. त्यांनी ती सरकवली आणि मान डोलावली.

"केसभरही वाढ नाही," काका म्हणाले.

हॉटेलवाल्यानं घसा खाकरला. "मग बोटीचं काय ठरलं?"

"या ना, बसा," आत्या म्हणाली. "निघतोच आहोत आम्ही. फुलझाडं कशात लावायची ते वाटेत बोलू, वीस मिनिटं आहेत आपल्याकडे."