एलुगुट्ट्यावरची झेंडी

तुमच्या अहवालात एकच ओळ आहे: 'झेंडीवाला परवानगीशिवाय जागा सोडून गेला व उष्माघाताने मरण पावला.' ही ओळ खोटी आहे. खोटं तुम्ही लिहिलंत. मी त्या दिवशी एलुगुट्ट्यावर होतो.

किनवटच्या जंगलातला हा डोंगर. नव्या जिल्ह्याची हद्द त्याच्या माथ्यावरून जाणार, म्हणून तुम्हाला त्याचं नाव कळलं. सकाळी पायथ्याशी, साहेब, तुम्ही म्हणाला होतात, "एलुगुट्टा? इलायची पिकते का रे इथं?"

"न्हाई साहेब," व्यंकटीमामा म्हणाले, "तेलगूत एलुगु म्हंजी अस्वल. अस्वलाचा डोंगर हाय."

"मग अस्वलाला सांग, सरकारी काम आहे."

सगळे हसले. मामाही हसले. बावीस वर्षं मोजणी खात्यात झेंडी धरणारा माणूस साहेबाच्या विनोदाला हसतोच.

काम सोपं होतं. मामांनी माथ्यावरच्या खुणेच्या दगडापाशी झेंडीची काठी सरळ धरायची. तुम्ही खालच्या शेतात जीपपाशी उभं राहून दुर्बिणीतून ती बघायची, आणि झालं की लाल फडकं हलवायचं. फडकं दिसेपर्यंत झेंडी हलवायची नाही. मी मोजणीची साखळी वाहणारा, सोबतीला गेलो. दोघांत एक कॅन पाणी. दुष्काळात गावाकडं जास्त मागायला तोंड झालं नाही.

साग उघडे पडले होते. एका पानाची सावली नव्हती. बारा वाजले, एक वाजला. खाली धुरकट ऊन. शेत दिसेना, जीप दिसेना. कॅन रिकामी होऊन उताणी पडली.

तेवढ्यात खालच्या आटलेल्या झऱ्यात पाचोळा वाजला. काहीतरी जड. माती उकरण्याचा आवाज, मग फुत्कार. आमची उतरायची वाट तिथूनच होती.

"मामा, चला. दुसऱ्या अंगानं उतरू."

"इशारा कुठं झाला?"

"जीव जाईल ना!"

"मारोती, बिलोलीला एकदा सावलीत सरकलो व्हतो. चार हात. पुरी मोजणी रद्द झाली. साहेबानं समद्यांसमोर माझी जात काढली. म्हणला, तुमच्या लोकांला एका जागी उभं ऱ्हायचं कळत न्हाई." काठी पुन्हा सरळ करत ते म्हणाले, "मी बी भिऊन राहिलो, लेका. अस्वलाला कमी. तू जा. पाणी आन, आन साहेबाला इचार."

जवळची म्हणून मी झऱ्याच्याच वाटेनं उतरलो. वळणावर अस्वल समोरच उभं राहिलं, छातीवर पांढरा पट्टा, नाकाला ओली माती. मी हललो नाही. माझ्या मांड्या ओल्या झाल्या, हे लिहायची मला लाज नाही. बऱ्याच वेळानं ते आपणहून झाडीत गेलं.

खाली शेतात चाकांचे वण होते, आणि शेंगांची टरफलं.

"जीप?" मी पंचफुलाबाईला विचारलं. ती शेळ्यांमागं होती.

"ती तर बाराच्याच वक्ताला गेली. साहेब म्हणत व्हते, लई ऊन हाय."

"अन् लाल फडकं?"

"कशाचं फडकं? तसं काई न्हाई पाह्यलं बा."

तिनं घरातल्या हंड्याच्या तळातून तांब्याभर पाणी काढून दिलं. तेवढंच होतं. सांडू नये म्हणून मी तो छातीशी धरून चढलो. प्रत्येक पान वाजलं की पाय थांबत होते.

सूर्य टेकला होता. लांबूनच झेंडी दिसली. सरळ, तसूभर कलली नव्हती. मला हायसं वाटलं.

मामा दगडाला टेकून बसले होते. काठीच्या बुडाशी दगड रचलेले होते आणि उपरण्यानं काठी त्यांनी स्वतःच्या छातीशी बांधून घेतली होती. मी पाणी तोंडाशी लावलं. ते ओठांच्या कडेनं खाली गेलं.

गाठ मला सुटेना. दातांनी सोडवावी लागली.

त्यांच्या बायकोला, सरजाबाईला, तुम्ही तो अहवाल वाचून दाखवलात. जागा सोडली, म्हणून तिला काही मिळणार नाही, असं सांगितलंत. मी ते उपरणं तुमच्या टेबलावर ठेवलं होतं. तुम्ही ते पेन्सिलीनं बाजूला सारलंत.

आता एवढंच सांगा, आणि सही करून सांगा: त्या दिवशी जागा आधी कोणी सोडली?