जडत्वाचा क्षण

संपदाने मागच्या ओळीवरचे पंखे बंद केले आणि लगेच पुन्हा लावले. उपप्राचार्य गॉडफ्रे सर वर्ग बघायला येणार होते. रिकाम्या बाकांवर पंखे फिरत असले, तर मुलं आत्ताच कुठे उठून गेली असावीत असं त्यांना वाटेल, असा तिचा हिशेब होता. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईची अक्कल आता अशा ठिकाणी चालत होती.

पहिल्या बाकावर जयवंती एकटी बसली होती. गिरीज गावातली मुलगी, बी.ए.चं पहिलं वर्ष, आवड मराठी कवितेची. नव्या धोरणात कलाशाखेच्या मुलांनाही दुसऱ्या शाखेचा एखादा विषय घ्यावाच लागतो. चलाख मुलांनी सोपे विषय मोबाइलवर भराभर पटकावले. जयवंतीच्या वाडीत नेमकं त्याच सकाळी नेटवर्क नव्हतं, म्हणून तिच्या वाट्याला ‘प्राथमिक भौतिकशास्त्र’ आलं. तिच्यासारखी मागे राहिलेली आणखीही बरीच मुलं पटावर होती, पण वर्गात येणारी ही एकच. आणि हिला काही म्हणजे काही कळत नसे.

“बाकीचे कुठे आहेत गं?”

“कँटीनमध्ये. मी बोलावलं, मॅडम. येतो म्हणाले.”

येतो म्हणाले म्हणजे येणार नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं. संपदाने काल ग्रुपवर अक्षरशः विनवण्या केल्या होत्या. उत्तरादाखल कुणीतरी हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं.

गॉडफ्रे सर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, “मॅडम, मुलं बसत नसतील तर पुढच्या सत्रात हा विषय कशाला ठेवायचा? मी एकदा बघतो आणि ठरवतो.” संपदा तासिका तत्त्वावर शिकवायची, आणि कॉलेजात तिच्याकडे एवढा एकच विषय उरला होता. तो गेला की विरारच्या फ्लॅटवर बसून दहावीच्या शिकवण्या. “घेतल्या तर काय बिघडलं? दगदग तरी वाचेल,” असं तिचा नवरा विघ्नेश म्हणायचा. त्याचंही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच तिला त्याच्याशी भांडताही येत नसे. तिला हातात खडू हवा होता, बस. हे कुणाला सांगितलं असतं तर हसू झालं असतं.

सर आले ते थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी एकदा वर फिरणाऱ्या पंख्यांकडे पाहिलं.

“चालू द्या, मॅडम.”

आज जयवंतीची पाळी होती. प्रत्येकाने एक विषय फळ्यासमोर समजावून सांगायचा, त्याला अंतर्गत गुण होते. तिला ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ दिला होता. ती उठली, ओढणी नीट केली आणि फळ्यावर वळणदार अक्षरांत लिहिलं: जडत्वाचा क्षण.

संपदाने ते दोनदा वाचलं. पोरीने शब्दकोश काढला असणार. इनर्शिया म्हणजे जडत्व, इथवर ठीक. मोमेंट म्हणजे क्षण.

“जडत्व म्हणजे,” जयवंतीने सुरुवात केली, “वस्तू आहे तशीच राहते. उभी असेल तर उभी. बाहेरून बल लागल्याशिवाय ती हलत नाही. पण कधी कधी बल लागतं, आणि तरीही हलता येत नाही. त्याला जडत्वाचा क्षण म्हणतात. उदाहरण सांगू, मॅडम?”

संपदा काही म्हणायच्या आत मागून सर म्हणाले, “सांग, सांग.”

“आमच्या काकांनी त्यांच्या हिश्शाची वाडी विकली. त्यांची होती, त्यांनी विकली. पण त्यातल्या केळी माझ्या आईने लावलेल्या. आई सगळ्यांना सांगून होती, जेसीबी आला की मी समोर जाऊन आडवी पडणार. बाबा तिला समजावत होते, यशोदे, असं करू नको म्हणून. तिने ऐकलं नाही.” जयवंती थांबली. तिने खडू दुसऱ्या हातात घेतला. “मग जेसीबी आला. आई विहिरीपाशी होती. हातात वांग्याची रोपं. तिला फक्त चार पावलं पुढं यायचं होतं. मी हाक मारली, बाबांनी मारली. तिला ऐकू येत होतं. ती हललीच नाही. सगळ्या केळी आडव्या झाल्या, तरी रोपं हातात धरून तशीच उभी होती.”



“नंतर मी तिला विचारलं, का नाही गेलीस? तर म्हणाली, मला नाही माहीत.” जयवंतीने फळ्यावरच्या शब्दांकडे बोट दाखवलं. “तर हा तो क्षण.” तिने खडू संपदाला परत दिला.

गॉडफ्रे सरांनी चष्मा काढून पुसला. जन्मभर त्यांनी अकाउंट्स शिकवलं होतं. ते उठून पुढे आले.

“मॅडम, मी फिजिक्सला लांबूनच नमस्कार करणारा माणूस. पण आज मला कळलं. एका मुलीला तुम्ही एवढं शिकवलंत, तर वर्ग भरला तर काय होईल! पुढच्या सत्रात विषय राहणार. बाकीच्या पोरांना कँटीनमधून मी उठवून आणतो.” जाता जाता ते दारात वळले. “बरोबर सांगितलं ना तिने?”

संपदाच्या हातात खडू होता. सांगायचं होतं एकच वाक्य: सर, हे चुकीचं आहे. वाक्य तयार होतं, जिभेवर आलेलं होतं. पोरीचा हिरमोड नको, असं तिने स्वतःला समजावलं. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. जयवंती आशेने तिच्याकडे बघत होती आणि सरही बघत होते.

सरांनी ते गप्प राहणं होकार समजून मान डोलावली. त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली उतरत गेला.

संपदाने कोपऱ्यातला खराटा आणला. “जयवंती, इकडे ये. हा मधोमध धरून फिरव. आता टोकाला धरून फिरव. कधी जड जातो?”

“टोकाला धरल्यावर.”

“वजन तेवढंच, तरी फिरवायला जड. कारण ते लांब गेलं. त्या जड जाण्याला मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात. इथं मोमेंट म्हणजे क्षण नाही, बाळा. वेळेचा इथं काही संबंधच नाही.”

जयवंती हातातल्या खराट्याकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले.

“म्हणजे मी सगळं चुकीचं सांगितलं? सरांसमोर?”

“हो.”

“मग सरांना सांगायला पाहिजे ना? ते विषय ठेवणार म्हणाले, ते यावरूनच. मी पळत जाऊन सांगू? जिन्यातच असतील अजून.”

संपदाने जा म्हणायला हवं होतं. नको म्हणणंही तिच्याच हातात होतं. तिला खालून सरांचा आवाज ऐकू येत होता, ते कुणालातरी वर्गात न बसण्यावरून झापत होते. ती फळ्यापाशी खडू धरून उभी होती आणि दार चार पावलांवर होतं.

जयवंतीने वाट पाहिली. एकदा तिने “मॅडम?” अशी हाकही मारली. मग तिने खराटा हळूच कोपऱ्यात ठेवला आणि संपदाच्या मुठीतून खडू सोडवून घेतला.

“असू दे, मॅडम,” ती म्हणाली. “माझी आईपण अशीच उभी होती.”