लांडगीची तीन पिल्लं

पौषातला माळ पिवळा नसतो. मोटारीच्या काचेतून पाहणारे त्याला पिवळा म्हणतात. पहाटेच्या तिरक्या, दवार्द्र उन्हात तो आधी राखी असतो, मग तांबूस, मग मधाच्या रंगाचा. आणि ऊन माथ्यावर आलं की त्याच्या कुसळाकुसळातून एक शुभ्र, कंपित, धूसर आभा उठते. वारा येतो. गवत वाकतं, गवत उठतं, गवत पुन्हा वाकतं. क्षितिजापर्यंत एकही मोठं झाड आडवं येत नाही, आणि म्हणूनच सरकारी कागदावर या भूमीचं नाव ‘पडीक’ असं आहे.

पडीक. हा शब्द लिहिणाऱ्या हाताला एकदा इथे आणून बसवायला हवं. या तृणगंधी, विस्तीर्ण, वातविलोल माळावर चंडोल गातो, खोकड बिळातून डोकावतं, कुसळांच्या आडोशाला टिटवी अंडी घालते. आणि या माळावर लांडगा चालतो, मोजकं पाऊल टाकत, मान खाली घालून, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या बापजाद्यांनी हा माळ राखला तेव्हा आपला सातबारा जन्मालाही आला नव्हता.

उताराच्या कुशीत, तरवडाच्या जाळीखाली एक बीळ होतं. त्या अंधाऱ्या, उबदार, मृद्गंधी गाभाऱ्यात लांडगीला तीन पिल्लं झाली होती. काळपट, लोकरी, बोथट नाकांची तीन पिल्लं. तिघांच्याही छातीवर दुधाचा थेंब सांडावा तसा एक पांढरा ठिपका. वय वाढतं तसा तो ठिपका पुसला जातो. धनगरांना हे ठाऊक असतं, शिकल्यासवरलेल्यांना नसतं.

आता शलाका दामले. ती वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकायला हवं, कारण पुढे माझा तोल जाणार आहे. शहरातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी ती या माळाच्या पायथ्याशी आली. हमरस्त्यालगत पत्र्याची शेड घातली आणि टाकून दिलेली, लंगडी, आंधळी, मोटारीखाली आलेली अकरा कुत्री सांभाळू लागली. त्यांच्या ताटल्या भरल्याशिवाय ती स्वतः घास घेत नसे. बऱ्या झालेल्या कुत्र्यांना ती घरं शोधून देई, आणि त्या घर देण्याला दत्तक म्हणे.

शुक्रवारी सकाळी ती माळावर फिरायला गेली. तरवडाखाली तिला तीन पिल्लं दिसली. एकटी, कुडकुडणारी, एकमेकांच्या पोटाखाली तोंड खुपसणारी. आई जवळपास नव्हती. आई नाहीच, असं तिने ठरवलं. आई चार कोसांवर शिकारीला गेली असेल हे तिच्या मनाला शिवलंदेखील नाही, कारण तिने पाहिलेल्या आया कचराकुंडीच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या.

तिने पिल्लं शालीत गुंडाळली. घरी आणली. कोमट पाण्याने न्हाऊ घातलं, गुलाबाच्या वासाचा शाम्पू लावला, टॉवेलने पुसलं, बाटलीने गाईचं दूध पाजलं. नावं ठेवली: कोको, ब्राउनी आणि टॉफी. लांडग्याची जात, आणि नावं बेकरीच्या काचेतली. मग तिने त्यांचा फोटो सगळीकडे पाठवला. खाली लिहिलं, ‘तीन अनाथ बाळं, घर हवंय.’ दुपार कलण्याच्या आत हजार लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दिवस मावळायच्या आत पुण्याहून एक मोटार आली. टॉफीच्या गळ्यात लाल रिबीन बांधली गेली. कागदावर सही झाली, टाळ्या वाजल्या, मोटार गेली. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. वर त्या मारुतीला हारही घातला.

दया आंधळी झाली की ती दया राहत नाही. जो शिकारी बंदूक घेऊन येतो त्याची चाहूल तरी लागते. हा मऊ हात, हा सुवासिक, सद्गदित हात कधी आला आणि बीळ कधी रिकामं झालं, कुणाला कळलंही नाही.

पण कळलं. बायडाक्का कोकरे यांना कळलं.

बायडाक्का साठीची धनगरीण. तिची मेंढरं त्याच उतारावर बसत आणि रात्री त्यांच्याभोवती ती वाघर, म्हणजे सुताच्या जाळ्याचं कुंपण, उभी करी. लांडगीशी तिचं सख्य नव्हतं. आठच दिवसांपूर्वी एक कोकरू गेलं होतं, आणि तिने लांडगीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. तरी तिचा हिशेब सरळ होता: लांडगा एक नेतो, खातो आणि जातो, गावची मोकाट कुत्री आली तर दहा फाडतात आणि एक खात नाहीत. लांडग्यांची जोडी माळावर फिरते तोवर ती कुत्री वर येत नाहीत.

शुक्रवारी भर दुपारी बायडाक्काने लांडगी पाहिली. उघड्यावर, उन्हात, माणसाच्या देखत. लांडगी असं करत नाही. ती बिळात जाई, बाहेर येई, नाक जमिनीला लावून घिरट्या घाली, थांबे, मान वर करी आणि पुन्हा बिळात जाई. तिची आचळं दुधाने तटतटली होती आणि स्तन्यभाराने ओथंबलेलं पोट गवताच्या शेंड्यांना घासत होतं. मेंढराचं दूध दाटलं की काय कळा लागतात, हे बायडाक्काने आयुष्यभर हातांनी जाणलं होतं. तिने काठी उचलली. बिळापाशी बुटांचे ठसे होते. शनिवारी सकाळी ती त्या ठशांचा माग काढत पत्र्याच्या शेडपाशी येऊन उभी राहिली.

“ही पिल्लं तू आणलीस?”

“हो मावशी,” शलाका हसून म्हणाली. “बिचारी अनाथ आहेत. तुम्हाला हवंय का एखादं, राखणीला?”

बायडाक्का हसली नाही. तिने एक पिल्लू उचललं, उताणं केलं, छातीवरच्या ठिपक्यावर अंगठा फिरवला.

“आगं, लांडगीची हायती ही. आन् ह्यांची आई जिती हाय. कालधरनं ऊर बडवत फिरतीया.”

शलाकाने वनखात्याच्या कचेरीत फोन लावला. सोमवारी पंचनाम्याला येतो, तोवर काही करू नका, असं उत्तर आलं. सोमवारी. दुधाला रविवारची सुट्टी नसते हे त्या कचेरीला कुणी सांगावं? दोन दिवसांत आचळं आटतात. दोन दिवसांत आई माळ सोडते. मग पंचनामा कसला करणार, रिकाम्या बिळाचा?

आणि सोमवारनंतर काय? सोमवारनंतर प्राणिसंग्रहालयातला पिंजरा. गुळगुळीत फरशीचा, सळयांचा, वेळेवर मांस देणारा सुरक्षित पिंजरा, आणि त्याच्यापुढे रंगवलेली पाटी: या प्राण्याला अमुक उदार गृहस्थांनी एक वर्षासाठी दत्तक घेतलं आहे. त्या गृहस्थांचा फोटो निघेल. त्यांचीच यंत्रं उद्या माळावर येतील, तरवड उपटतील, बिळं बुजवतील, प्लॉट पाडतील. आणि लांडगा वाचवल्याचं प्रशस्तिपत्र त्यांच्या दिवाणखान्यात लटकेल. लांडगा सांभाळायचा तर माळ सांभाळावा लागतो. माळ विकून लांडगा पोसणं म्हणजे विहीर बुजवून तहानलेल्याला पेला भेट देणं. याला संवर्धन म्हणायचं असेल तर म्हणा, माझ्या जिभेला ते वळण नाही.

“तिसरं कुठाय?” बायडाक्काने विचारलं. “ठसं तिघांचं हायती.”

शलाकाने पुण्याला फोन लावला. तिकडून आलेला आवाज आधी गोड होता, मग थंड झाला. आमच्या मुलीचा जीव जडलाय त्याच्यावर. रात्रभर कुशीत घेऊन झोपली. तुम्हीच सही घेतलीत ना? शलाका म्हणाली, तो लांडगा आहे. तिकडे कुणीतरी हसलं आणि फोन बंद झाला. तो नंतर लागलाच नाही. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली.

“रडू नगं,” बायडाक्का म्हणाली. “रडून त्यास्नी दूध मिळतंय व्हय? ऊठ. हायती ती दोन घे.”

दुपार कलली तेव्हा त्या दोघी माळ चढल्या. पुढे धनगरीण, मागे शलाका, टोपलीत दोन पिल्लं. वाटेत बायडाक्का थांबली, तिने टोपलीवर नाक आणलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. पिल्लांच्या अंगाला गुलाबाचा वास येत होता.

“ह्या वासाला ती तोंड लावायची न्हाई. आई डोळ्यानं वळखत न्हाई गं. नाकानं वळखती.”

हे ती सांगोवांगी बोलत नव्हती. मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसऱ्या मेंढीचं पोरकं झालं, की धनगर मेल्या कोकराचं कातडं काढतो आणि पोरक्याच्या पाठीवर बांधतो. मेंढी हुंगते. एकदा हुंगते, दोनदा हुंगते, आणि पान्हा सोडते. दोन दिवसांनी कातडं काढून टाकलं तरी चालतं, कारण तोवर तिचं दूध त्याच्या अंगात भिनलेलं असतं. दत्तक याला म्हणतात. मेंढी सही मागत नाही, फोटो काढत नाही. ती वास घेते आणि आपलं दूध देते.

बिळाच्या तोंडाशी बायडाक्का गुडघ्यांवर बसली. लांडगी जिथे अंग टाकून बसत असे तिथली माती तिने उकरली. ओलसर, उग्र, केस मिसळलेली, मूत्रगंधी माती. तिने ती पिल्लांच्या पाठीला चोळली, पोटाला चोळली, कानांमागे, शेपटीखाली, पंजांच्या बेचक्यांत चोळली. शलाकाही चोळू लागली. तिची लाल केलेली नखं मातीने काळी झाली, आणि गुलाब हळूहळू मेला. पिल्लं शिंकली, कुंकूं करू लागली, एकमेकांना हुंगू लागली.

मग त्या दोघी वाऱ्याच्या उलट बाजूला, दूर, एका बांधाआड जाऊन बसल्या. सूर्य खाली आला. माळ आधी केशरी झाला, मग ताम्रवर्ण, मग रक्तवर्ण. प्रत्येक कुसळाच्या टोकाला एक एक ठिणगी लागली आणि एक एक करून विझली. वारा पडला. चंडोल गप्प झाला. शलाकाच्या मनात एकच होतं, ती येईल का.

ती आली. गवतातून वेगळी झाली आणि दिसली. धूलिधूसर, कृश, सावध. दहा पावलांवर थांबली. नाक वर केलं. दोन पिल्लांनी तिला पाहिलं आणि ती धडपडत, कोलमडत तिच्याकडे निघाली. तिने एकाला हुंगलं, बराच वेळ हुंगलं. माळावर त्या क्षणी काहीच हललं नाही. मग तिची जीभ बाहेर आली आणि ती त्याला चाटू लागली.

लांडगी तिथेच आडवी झाली. पिल्लं तुटून पडली. पोटं टम्म झाल्यावर तिने एकाला मानेशी दातांत धरलं आणि ती गवतात नाहीशी झाली. माणसाचं पाऊल लागलेलं घर ती ठेवत नाही. थोड्या वेळाने आली, दुसऱ्याला घेऊन गेली.

शलाकाने डोळे पुसले. तिच्या तोंडावर हसू आलं होतं. “झालं ना मावशी? चला, जाऊ या.”

“बस,” बायडाक्का म्हणाली. तिचा आवाज दगडासारखा होता. “आजून बघायचंय तुला.”

लांडगी तिसऱ्यांदा आली. बिळाच्या तोंडाशी थांबली. आत गेली, बाहेर आली. मऊ मातीवर पिल्लं लोळली होती ती जागा तिने हुंगली, पुढच्या पंजांनी उकरली, पुन्हा हुंगली. मान वर करून तिने एक बारीक, तुटका, हाक मारल्यासारखा आवाज काढला आणि कान टवकारून ती वाट पाहत उभी राहिली. माळावरून काही उत्तर आलं नाही. ती गेली.

ती चौथ्यांदा आली.

शलाका म्हणाली, “पुरे, मावशी. मला बघवत नाही.” बायडाक्काने तिचा हात घट्ट धरून ठेवला. उजेड सरत होता, रंग सरत होते, गवताचा शेंडा न् शेंडा राखेत मिसळत होता. आणि त्या राखेतून एक करडी सावली येत होती, हुंगत होती, जात होती. दिसेनाशी होईपर्यंत ती येत राहिली. दिसेनाशी झाल्यावर तिचा आवाज येत राहिला.