उरलेल्या गोळ्या

रामनगरला बसस्टँडसमोर सुमंगला मॅडमचा दातांचा दवाखाना आहे आणि तिथल्या खुर्चीच्या डाव्या बाजूला मी उभी असते. पाच वर्षं झाली. लोकांना वाटतं, ही पोरगी नुसती थुंकी ओढायची नळी धरते. त्यांनी एकदा धरून बघावी. मॅडमना पुढं काय लागणार हे त्यांनी मागायच्या आधी माझ्या हातात असतं. आणि खुर्चीत बसलेल्या प्रत्येक माणसाला पहिलं वाक्य मीच ऐकवते, "दुखलं तर डावा हात वर करा."

मला मात्र मॅडमनी पहिल्याच आठवड्यात वेगळंच शिकवलं होतं. "दुखणाऱ्या दाताला एवढं भिऊ नकोस," त्या म्हणाल्या. "काही उपचार न करता दुखायचं थांबलं की भी. आतली शीर मेलेली असते आणि पू वाट शोधत असतो."

यंदा मॅडमनी मला बेळगावच्या दोन वर्षांच्या कोर्सला पाठवायचं ठरवलं होतं. शिफारशीचं पत्र टाईप होऊन टेबलावर पडलं होतं, सही तेवढी बाकी. तो कोर्स झाला की मी स्वतः दात साफ करू शकणार होते, माझ्या नावाची पाटी नाही तरी खुर्ची झाली असती. दिग्गीसारख्या रानातल्या गावातनं आलेल्या मुलीला हे किती मोठं, ते मी सांगत बसत नाही.

दिग्गीत मला सगळे दाताची डॉक्टरीण म्हणतात. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. ऐकायला गोड लागायचं.

शिमग्याला गावी गेले तेव्हा म्हादूमामा ओसरीवर गाल धरून बसला होता. हा माझ्या आईचा थोरला भाऊ. बाप गेल्यावर भाताची पोती डोक्यावरनं आमच्या घरी आणून टाकणारा. खालची दाढ किडून पोकळ झाली होती. "रामनगरला चल" म्हटलं तर म्हणाला, "तू हाईस की घरात. दुसरी डॉक्टर कशाला?"

मी हुरळले. दवाखान्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडंच असते. औषध कंपनीवाले ठेवून गेलेल्या नमुन्याच्या अँटिबायोटिक गोळ्यांची एक पट्टी मी पिशवीत घालून नेली होती, कुणालातरी लागेल म्हणून. दहा गोळ्या. "सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, आणि मग दाढ काढायला यायचं," मी मॅडमच्या आवाजात सांगितलं. गोळ्या लिहून द्यायचा अधिकार मला नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी, मी ट्रे लावत होते. आरसा, चिमटा, कापूस. दारात जीप थांबली आणि मामाचा मुलगा गुणा त्याला काखेत धरून आत घेऊन आला.

मी मामाला ओळखलं ते धोतरावरनं. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी सूज आली होती आणि गळा हनुवटीपर्यंत भरून गेला होता. तोंड मिटत नव्हतं. लाळ गळत होती आणि ती पुसायचंही त्याला भान नव्हतं. मी त्याला खुर्चीत मागं रेलवायला गेले तर तो धडपडून पुढं वाकला. आडवं झालं की त्याचा श्वास अडत होता.

मी हनुवटीखाली बोट लावलं. लाकडागत टणक.

मॅडमनी तोंडात एकदा बघितलं. जीभ वर ढकलली गेली होती. त्यांनी हातमोजे काढले, १०८ ला फोन लावला आणि मला म्हणाल्या, "बेळगावला पाठवायचं. चिठ्ठी लिही, मी सांगते." मी लिहायला बसले. नाव, वय, गाव, सूज कधीपासून. मग तो रकाना आला. आधी घेतलेली औषधं.

"दाढ दुखत होती तेव्हा काही गोळ्या घेतल्या होत्या?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई," गुणा लगेच म्हणाला. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही.

मामानं मान हलवली. नाही. श्वासाला महाग झालेला माणूस, पण मान दोनदा हलवली, मॅडमना नीट दिसावं म्हणून. वाटेत दोघांचं ठरलेलं होतं, हे मला कळलं. पोरीची नोकरी जाऊ द्यायची नाही.

मला भीती वाटली. खरं सांगायचं तर मामासाठी नंतर, आधी माझ्यासाठी. पत्र हाताच्या अंतरावर होतं. दोन अक्षरं लिहिली असती तर कुणाला कधी कळलं नसतं.

"लिहिलंस?" मॅडम म्हणाल्या. "हे महत्त्वाचं आहे पूर्णिमा. एखादं औषध अर्धवट घेतलं असेल तर तिथं तेच परत देण्यात त्यांचा वेळ जाईल. आणि वेळ नाहीये."

"घेतल्यात," मी म्हटलं. "मी दिल्या. आपल्या कपाटातल्या."

गुणा म्हणाला, "आक्का, गप की."

मी गप्प बसले नाही. गोळीचं नाव सांगितलं, दहा दिल्या हेही सांगितलं. मॅडम गुणाकडं वळल्या. "दहाच्या दहा घेतल्या?"

"दोन," गुणा म्हणाला. "दुसऱ्या दिशी दुखायचंच थांबलं. मग कशाला खातोय?"

मॅडमनी चिठ्ठी माझ्या हातातनं घेतली आणि उरलेली स्वतः लिहिली. शिफारशीचं पत्र उचलून खणात ठेवलं. "तू यांच्याबरोबर जा. नळी घेऊन जा, गाडीतल्या मशीनला लावून लाळ ओढत राहा, आडवं करू नकोस," एवढंच बोलल्या, आणि हात पुढं केला. मी कपाटाची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

ॲम्ब्युलन्समध्ये खानापूर येईपर्यंत मी मामाच्या तोंडापुढं नळी धरून होते. त्याच्या श्वासाला करवतीचा आवाज येत होता. मी त्या आवाजाकडं कान लावून बसले, कारण तो थांबला तर मला पुढं काय करायचं ते येत नव्हतं.

खानापूर मागं पडल्यावर मी गुणाला विचारलं, "उरलेल्या आठ कुठायत?"

"घरात कुठल्या? दिल्या."

"कुणाला?"

"ते बाबालाच ठाव. आपल्यात उरलेलं औषध घरात ठेवतात व्हय?"

मी डोळे मिटले. हे मला माहीत होतं. रानातलं मूळ उगाळून बरं वाटलं की उरलेला तुकडा घरात ठेवायचा नाही, नाहीतर दुखणं मागं फिरतं. तो पुढच्या घरात द्यायचा. लहानपणी असे तुकडे मीच पोचवलेत, चांगलं काम म्हणून. पाच वर्षं दवाखान्यात काढली आणि गोळी दिग्गीला पोचली की तिचंही रानातलं मूळच होऊन जातं, एवढं मला सुचलं नाही.

बेळगावच्या हॉस्पिटलात त्यांनी मामाच्या गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी घातली, हनुवटीखालनं पू काढला. अर्धा तास उशीर झाला असता तर आणला नसता तरी चाललं असतं, असं तिथला डॉक्टर म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं. मामा जागा होता. बोलता येत नव्हतं, पण डोळे ओळखीचे होते. मला रडू आलं.

मग मी विचारलं, "मामा, गोळ्या किती घरांत दिल्या?"

त्यानं डावा हात वर केला. दुखतंय म्हणतोय असं वाटून मी नर्सला हाक मारायला वळले, पण त्यानं हात खाली घेतला नाही. चार बोटं होती.

मी घरं सांगत गेले आणि तो मान हलवत गेला. वासूचं घर. पुतळीमावशीचं. शाळेमागचं लाडूचं. चौथं चंद्रावैनीचं. तिला सातवा महिना.

दिग्गीत फोन लागतो तो फक्त चंद्रावैनीच्या गोठ्यापाशी. मी जिन्यात उभी राहून लावत राहिले. सहाव्यांदा तिनं उचलला.

"वैनी, मामानं दिलेल्या गोळ्या खाल्ल्यास?"

"व्हय की. दाढंनं जीव खाल्ला होता. दोनच खाल्ल्या, पार थांबलं बघ. तुझ्या हाताला गुण हाय."

"हनुवटीखाली बोट लाव. कसं लागतंय?"

तिनं लावलं असावं. मागं म्हैस ओरडली.

"जरा टणक हाय."

"थुंकी गिळ बघू."

फोनमधनं तिचा गिळायचा आवाज आला, मग पुन्हा एकदा.

"अडकतीया थोडी," ती म्हणाली. "पर दुखत न्हाई गं. तू कशाला घाबरतीस?"