तारमुजीने उलटी सांगितलेली गोष्ट

तारमुजीने टीव्हीवर ती गोष्ट सांगितली तेव्हा सगळा स्टुडिओ हसला. जाकार्तातल्या मालिकांत सासऱ्याची कामं करून त्याचा चेहरा घरोघरी पोचला होता. मुलाखत घेणारीनं विचारलं, "जावातल्या जुन्या केतोप्रक लोकनाटकांतली एखादी गंमत सांगा ना." तो सांगून गेला: क्लातेनच्या जत्रेत राणी झालेली वारसिनेम भर दरबारात वाक्यच विसरली, नुसती उभी राहिली, आणि सेनापती झालेल्या त्यानं वेळ मारून नेली. तिचा आ कसा वासला होता, तेही त्यानं करून दाखवलं.

घडलं होतं नेमकं उलट. वाक्य तो विसरला होता. तेव्हा तो बावीस वर्षांचा, पहिलीच मोठी भूमिका. "सेनापती, तुमचं मौनच सांगतंय की लढाई गेली," असं म्हणत वारसिनेमनं प्रवेश पुढे रेटला. नंतर नाटक मंडळीचा मालक त्याच्या अंगावर धावून आला, तर ही मध्ये पडली. "मीच भलतं वाक्य टाकलं, तो काय करणार?" पुढच्याच गावी राणीची भूमिका दुसरीला दिली गेली.

सांगतानाही तारमुजीला हे सगळं ठाऊक होतं. हशा येतोय म्हटल्यावर तो थांबला नाही, एवढंच.

ईदला तो गावी गेला आणि तिसऱ्या दिवशी धीर करून तिच्या दारात उभा राहिला. सत्तरी उलटलेली वारसिनेम दारातच तेम्पेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, काप तळून विकत होती. टीव्हीतला माणूस आलेला पाहून शेजारीपाजारी जमले.

"काय हो, आमच्या आजीची बोबडी वळली होती म्हणे?" एका बाईनं विचारलं.

"वळली होती की," कढईत झारा फिरवत वारसिनेम म्हणाली. "हा नसता तर लोकांनी चपला फेकल्या असत्या."

तारमुजीचे कान तापले. "ताई, असं नका बोलू."

"मग कसं बोलू? घे, जपून खा, गरम आहे."

त्यानं हातातली बशी खाली ठेवली. "ऐका सगळे. विसरलो मी होतो. सावरलं ह्यांनी. टीव्हीवर मी खोटं बोललो."

एक म्हातारा मान डोलवत म्हणाला, "बघा, एवढा मोठा नट, पण म्हातारीची लाज राखतोय." तारमुजी पुन्हा पुन्हा सांगत राहिला, तसतसे लोक अधिकच कौतुकानं बघू लागले. कुणीतरी त्याचा फोटोही काढला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माणसं पांगल्यावर तो म्हणाला, "ताई, चुकलो."

"तुला हशा हवा होता. मला कळतं रे, मीपण नटीच आहे." तिनं कढईखालचा जाळ कमी केला. "पण ते तोंड करून दाखवलंस ना, ते शाळेत पोरी माझ्या नातीला करून दाखवतात."

"कुठं आहे ती?"

"आत. तुझा आवाज ऐकून दार लावून घेतलंय."

तो आत जाऊन बंद दारापाशी उभा राहिला. सगळं पहिल्यापासून सांगितलं, मालक धावून आला तेसुद्धा.

"ऐकलं," आतून पोरगी म्हणाली.

दार मात्र तिनं उघडलं नाही. तो चपला घालून रस्त्याला लागला.