न आटणारी लोकर

ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये अख्तरुन्निसा एकट्या राहतात. फोनवर बोलून निरोप पाठवतात, पण पुष्कळदा बोललेलं ऐकून पाठवण्याआधीच पुसून टाकतात. कॅनडातल्या नातवासाठी त्यांनी टोपी विणली, तेव्हा लेकीचा, अफशाचा, निरोप आला.

अफशा: "अम्मी, ती लोकर केमिकलवाली नाही ना? हा सगळं तोंडात घालतो."

अख्तरुन्निसा लोकरवाल्या कमळाकरला विचारून आल्या.

पाठवलं: "तो म्हणतो, लोकर आटू नये म्हणून तिला क्लोरीन लावतात, पण ते कारखान्यातच धुऊन निघतं. वर पातळ लेप राहतो, त्यानेच लोकर मशीनमध्ये आटत नाही. तपासलेला माल आहे. मी स्वतः टोपीचा गोंडा दुपारभर तोंडात धरून बसले. काही झालं नाही मला."

अफशा: "अम्मी! तू काय लॅब आहेस? बिनकेमिकलची घे ना."

पुसलं: "तू माझ्याच टोप्या चघळत मोठी झालीस."

पाठवलं: "बरं."

त्यांनी साध्या लोकरीची दुसरी विणली. ती नारळावर चढवून माप बघितलं, कारण नातवाचं डोकं कधी हातात धरलं नव्हतं. पार्सलबरोबर सांगितलं, "हाताने धुव हं, गार पाण्यात."

महिन्याभराने फोटो आला. टोपी बाहुलीच्या डोक्यावर होती.

अफशा: "सॉरी अम्मी, चुकून मशीनमध्ये गेली. इवलीशी झाली! पण बाहुली काय गोड दिसते बघ."

पुसलं: "सांगितलं होतं ना."

पुसलं: "त्याने एकदा तरी घातली होती का गं?"

पाठवलं: "हो, छान दिसते."